चारवाला की सहावाला

आई होती तोवर माझ्या भावाचा फोन रोज सव्वाआठला यायचा. तो बडोद्याला, एका केमिकल कंपनीत. पाळीवरून घरी आला, चहा झाला, मुलीचा अभ्यास घेऊन झाला की फोन. मी इथे विरारला, आगाशी रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आईबरोबर. "ताई, आज कशी आहे?" एवढंच तो विचारायचा, की माझा पट्टा सुरू. बीपी किती, गुडघ्याला तेल लावू दिलं की नाही, दुपारची गोळी गिळली की गालात धरून नंतर तुळशीच्या कुंडीत टाकली. आई पलंगावरून दुरुस्त्या सुचवायची. मी तिखटमीठ लावून सांगते असं तिचं म्हणणं असायचं, आणि ते अर्ध्या वेळा खरंही असायचं.

ती गेली आणि आम्हा बहीणभावांतला विषयच गेला. हे तेव्हा कळलं नाही. पहिलं वर्ष बँकेचे कागद, सोसायटीचे कागद, वर्षश्राद्ध असं काही ना काही निघत होतं. वर्षश्राद्धाला तो सकाळी आला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला, आणि मग विरारला आलाच नाही. रोजचा फोन आठवड्यावर आला, आठवड्याचा पंधरवड्यावर. आला तरी "जेवलीस?" "हो. तू?" "आत्ताच." मग दोन्हीकडून नुसता पंख्याचा आवाज. भांडण झालेलं नव्हतं. भांडण असतं तर मी काहीतरी करू शकले असते, भांडणात माझा हात कुणी धरत नाही. पण ज्याच्याशी भांडणच नाही त्याच्याशी समेट तरी कसा करायचा?

मी लग्न केलं नाही. का, ते इथे सांगत बसत नाही. आमच्या इमारतीतल्या बायकांकडे त्याची चारपाच कारणं तयार आहेत, त्यातलं कुठलंही धरून चला. माझं काम घरूनच चालतं, पुस्तकांची पानं लावायचं. मुंबईतले दोनतीन छोटे प्रकाशक मजकूर पाठवतात, मी तो पानांत बसवते, चित्रं लावते, तपासणीला परत पाठवते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर. संध्याकाळी थोडा वेळ खेळते. सेहेचाळीस वर्षांची बाई कॉम्प्युटरवर गेम खेळते म्हटल्यावर लोक जरा थांबतात, मग कुठला म्हणून विचारतात, पत्ते का? पत्ते नाही. ही सवय भावाने लावली. तो कॉलेजात असताना आमच्यात एकच कॉम्प्युटर होता आणि गाड्यांच्या शर्यतीवरून आम्ही एकमेकांचे केस ओढत असू. त्याला मिशी आली होती आणि मी नोकरी करत होते, तरी.

तो बडोद्याला गेल्यावर दर रविवारी आम्ही नेटवरून एक शेतीचा खेळ खेळायचो. दोघांचं मिळून एक शेत. तो नांगरायचा, मी पेरायचे. आई विचारायची, आज काय लावलंत? भोपळा म्हटलं की तिला राग यायचा, एवढी जमीन आहे तर वाल लावा, भोपळा कोण खातो. ती आजारी पडल्यावर रविवार बंद झाले. नंतर एकदोनदा मी एकटीच त्या शेतात जाऊन आले. खेळात तण उगवतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

कॉम्प्युटर भावानेच बसवून दिलेला, अकरा वर्षांपूर्वी. गेल्या पावसाळ्यानंतर तो दमायला लागला. चित्रांचं पुस्तक उघडायला घेतलं की मी चहा टाकायचे, चहा उकळून गाळून कपात यायचा आणि पडद्यावर अजून गोल फिरतंच असायचं. तेव्हा एका पंधरवड्याच्या फोनमध्ये, पंख्याचा आवाज सुरू झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, अरे, नवीन कॉम्प्युटर घ्यायला लागणार बहुतेक, कुठला प्रोसेसर घेऊ? महागातला नको. काम झालं पाहिजे आणि थोडं खेळता आलं पाहिजे.

तो हं म्हणाला, बघतो म्हणाला आणि फोन ठेवला. मी म्हटलं, झालं. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला त्याचा आवाजी मेसेज आला, अकरा मिनिटांचा. अकरा मिनिटं तो सलग माझ्याशी कधी बोलला होता ते आठवायला मला बराच वेळ लागला. मी तो दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा प्रोसेसरसाठी ऐकला.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आपल्या बजेटात दोनच धड प्रोसेसर बसतात, दोन वेगळ्या कंपन्यांचे. एकाला चार कोअर, दुसऱ्याला सहा. कोअर म्हणजे काय ते त्याने मला स्वयंपाकघरातून समजावलं, मला दुसरं काही कळत नाही असा त्याचा समज आहे. चारवाल्याला चार हात, पण हात भराभर चालतात. सहावाला जरा सावकाश, पण एका वेळी सहा कढया सांभाळतो. तुझं पानं लावायचं काम, बाजूला मेल उघडी, गाणी चालू, चाळीस खिडक्या उघड्या, याला सहावाला बरा. खेळाला चारवाला चपळ. पण चारवाल्याची एक खोड आहे, त्याला स्वतःचं चित्र दाखवता येत नाही. वेगळं ग्राफिक कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच राहणार. सहावाल्याच्या पोटात ती सोय आहे. त्याच्यावर हलकेफुलके खेळ कार्डाशिवाय चालतात. मात्र पुढेमागे कार्ड घेतलंस तर चारवाला त्याला मागे टाकेल. तेव्हा आधी तू ठरव, तुला पुढचं बघायचंय की आत्ताचं.

मी फोन केला आणि म्हटलं, मला कळलं नाही, परत सांग. मला सगळं कळलं होतं.

तिथून रोजचा फोन सुरू झाला. सव्वाआठला, आईच्या वेळेचा. "ताई, आज एक बघितलं" अशी सुरुवात व्हायची. त्याने एक तक्ता करून मला पाठवला, त्यात रोजचं काम, खेळ, विजेचा खर्च, पुढे वाढवता येईल का, असे रकाने. दोघांनी मिळून त्यात भर घालायची. मी माझ्या बाजूने शंका घालायचे. प्रोसेसर हा आमचा नवा पेशंट झाला होता म्हणा ना. त्याचं तापमान, त्याची भूक, त्याची झोप. मागून भावजयीचा आवाज यायचा, घेऊन टाका म्हणावं एकदाचा. तिला काय ठाऊक. मला सव्वाआठचा फोन हवा होता आणि तो प्रोसेसर ठरेपर्यंतच मिळणार होता. ठरला की परत जेवलीस, हो, आत्ताच.

मग एका मंगळवारी सकाळी जुना कॉम्प्युटर तीनदा बीप करून गप्प झाला. तो कायमचाच. प्रकाशकाला शुक्रवारी एकशेबारा पानं द्यायची होती. मी तशीच उठून नाक्याजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. हा गृहस्थ जवळच्या वटार गावचा, जुन्या केळीच्या वाडीवाल्या घरातला. दुपारी दुकान बंद करून वाडीवर जेवायला जातो आणि उन्हाळ्यात त्याच्या काउंटरवर पेन ड्राइव्हशेजारी सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडकी विकायला असतात. मी त्याला दोन्ही प्रोसेसरची नावं सांगितली, फरक सांगितला, तक्त्यातले चार मुद्दे सांगितले. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "कोनता पन घ्या ताई, तुमचं काम दोनी करतील. सहावाला आहे माझ्याकडे. दुसरा मुंबईवरून आनायला लागेल, दोन दिवस." तीन आठवड्यांच्या आमच्या अभ्यासाचा निकाल असा लागला. जो कपाटात होता तो मी घेतला. संध्याकाळपर्यंत त्याने घरी आणून, जोडून, चालू करून दिला.

सव्वाआठला फोन आला. मी सांगणारच होते. आवाजावरून वाटलं तो जिन्यातच असावा, धापा टाकत बोलत होता. "ताई, मी चुकलो होतो. एक चाचणी मिळालीय, तोच खेळ दोघांवर बाजूबाजूला चालवलाय. चारवाला मी म्हटलं होतं त्याच्यापेक्षा बराच पुढे आहे. आपल्याला परत पहिल्यापासून बघायला लागेल."

कॉलेजात असताना रिझल्ट लागला की तो असा बोलायचा. माझ्यासमोर टेबलावर नवा कॉम्प्युटर, त्याचा पंखा मंद चालू. मी म्हटलं, "असं? मग आता काय करायचं?"

एवढंच खोटं. ते सुद्धा प्रश्न विचारून केलेलं. पण पुढचे दिवस मला ते सांभाळावं लागलं, आणि खोटं सांभाळणं हे रोगी सांभाळण्यासारखंच असतं, सुट्टी मिळत नाही. विकत घेण्याआधी मी वाचलं नव्हतं तेवढं विकत घेतल्यानंतर वाचलं. रोज एक नवी शंका हवी. विरारला लाईट जाते, तर अचानक बंद झाल्यावर कुठला जास्त सोसेल? अर्नाळ्याच्या समुद्राकडून खारी हवा येते, खिडकीचे गज वर्षात गंजतात, तर आतल्या पिना गंजतील का? त्याने खाऱ्या हवेवर दोन दिवस घालवले. कोकणातल्या कुणाला तरी विचारून आला. एकदा तर मी विचारलं की सहावाल्याच्या पंख्याचा आवाज किती येतो. तो पंखा माझ्या गुडघ्यापाशी फिरत होता, आणि मी फोन हाताने झाकून बोलत होते.

त्याच दिवसांत मी एक मोठा खेळ घेतला. जुन्या कॉम्प्युटरवर तो उघडलाही नसता. त्यात एक अफाट डोंगराळ मुलूख आहे, तुम्ही एकटेच फिरता, शिकार करता, वाटेत कुणी भेटलं तर टोपीला हात लावून पुढे जाता. चित्रं जरा मध्यम ठेवली की सहावाल्यावर बरा चालतो. तक्त्यात मी ते लिहू शकत नव्हते याचं मला फार वाईट वाटायचं. एका संध्याकाळी बर्फातून दीड तास पाठलाग करून मी एक रानटी घोडा पकडला. तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले, कुणाला तरी सांगायला. घरात दोन खोल्या आहेत. दुसऱ्या खोलीत आईचा पलंग आहे, त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. मला एकटं वाटत होतं, आणि हे वाक्य मी आजवर कुणासमोर बोललेलं नाही, कारण आमच्या इमारतीत ते बोललं की लगेच सत्संगाचं निमंत्रण येतं.

आठ वाजता मी खेळ बंद करायचे. सव्वाआठनंतर माझ्याकडे जुनाच कॉम्प्युटर होता.

असे बावीस दिवस गेले. तेविसाव्या दिवशी, एका बुधवारी, तो म्हणाला, "ताई, पुरे झालं. सहावालाच घे. तुला कामाला तोच बरा. उद्या मागव. शनिवारी मी येतो, आपण दोघं मिळून बसवू."

तो पुन्हा म्हणाला, येऊ ना? आणि मी म्हटलं, ये.

आता यावर शहाणं माणूस काय करेल? फोन करेल, हसेल, सांगेल की बाबा घेतलाय केव्हाच, तू नुसता ये. मला ते सुचलं नाही असं नाही. पण बसवायचं काही नसेल तर तो येईल का, याची मला खात्री नव्हती. दीड वर्षात तो नुसता आला नव्हता. म्हणून गुरुवारी सकाळी मी रिक्षा केली, कॉम्प्युटरचं कॅबिनेट मांडीवर घेतलं आणि दुकानात गेले. म्हटलं, हा खोलून द्या. प्रोसेसर काढून होता तसा खोक्यात घाला, बाकीचंही सुटं करा.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. बिघडलाय का म्हणाला. मी म्हटलं, नाही, झकास चालतो. तो म्हणाला, "चालू मशीन कोन खोलतं, ताई?" मग मी त्याला खरं सांगितलं. का कोण जाणे, भावाला सांगता आलं नाही ते त्याला सांगितलं. त्याने मशीन जोडून चालू केलं आणि हात बांधून उभा राहिला. प्रोसेसर आणि वरचा पंखा यांच्यामध्ये एक करडी पेस्ट असते, ती थंड असताना पंखा ओढला तर प्रोसेसरही चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गरम होऊ द्यायचा. त्या दहा मिनिटांत त्याने मला चहा पाजला. मग स्क्रू सोडवले, पंखा हलकेच पिळून उचलला, कापसाने पेस्ट पुसली, प्रोसेसर प्लास्टिकच्या खाचेत ठेवून खोकं बंद केलं. नव्या पंख्याला कारखान्यातूनच पेस्ट लावलेली असते, ती आता पुसली गेली होती. त्याने एक छोटी ट्यूब दिली आणि विचारलं, "भावाला कळनार नाय काय?" मी म्हटलं, कळणार नाही. तो मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

प्रकाशकाला मी कळवलं की आमच्याकडे लाईट नाही, नव्या पुस्तकाची पानं सोमवारी देते. खोट्याला भावंडं असतात.

शुक्रवारी मी घर झाडलं. शनिवारी पहाटे उठून वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्यांचं पीठ भिजवून ठेवलं. टेबलावर सगळे सुटे भाग मांडले, एकाशेजारी एक, प्रोसेसरचं खोकं पुढे. अकराला मेसेज आला. पाळी बदलली, येता येत नाही, सॉरी ताई.

मी उत्तर दिलं नाही. राग इतका आला होता की भाकऱ्या करायच्या म्हणून केल्या आणि सहाच्या सहा करपवल्या. बिरडं एकटीने खाल्लं. टेबलावरचे भाग तसेच. माझ्याजवळ आता जुना कॉम्प्युटर नव्हता, नवा नव्हता आणि भाऊही नव्हता. संध्याकाळी सहाला सवयीने जाऊन खुर्चीत बसले. समोर नुसता काळा पडदा, त्यात मी.

सव्वाआठला फोन वाजला. उचलायचा नाही असं ठरवलं होतं. उचलला.

तो म्हणाला, "ताई, गुरुवारपासून तू दिसत नाहीस."

मी म्हटलं, कुठे दिसत नाही? तेव्हा त्याने सांगितलं. आम्ही खेळ जिथून विकत घेतो तिथे आमची दोघांची खाती आहेत, एकमेकांच्या मित्रयादीत. कोण आलंय ते तिथे नावाजवळ हिरव्या ठिपक्याने कळतं आणि कुठला खेळ चाललाय तेही खाली लिहिलेलं येतं. हे मला माहीत होतं. पण वर्षभर त्याच्या नावाजवळ राखाडी ठिपकाच दिसत होता, तो येतच नाही असं मी धरून चालले होते, आणि आपणही कुणाला दिसत असू हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. तो सगळं बघत होता. जुन्या कॉम्प्युटरवर जो खेळ उघडणं शक्य नाही तो मी रोज सहा ते आठ खेळते हे, मी तो घेतल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून, तो पाहत होता. घोडा पकडल्यावर मला जे पदक मिळालं तेही त्याला दिसलं होतं.

"कसा आहे घोडा?" त्याने विचारलं.

मला लाज वाटायला हवी होती. मला संताप आला. माहीत होतं तर बोलला का नाहीस, मी म्हटलं, खाऱ्या हवेवर दोन दिवस कशाला घालवलेस, मला वेडी ठरवायला? तो म्हणाला, तू विचारत होतीस म्हणून सांगत होतो. मग शनिवारी येतो कशाला म्हणालास? तर म्हणे, वाटलं तू सांगशील. येऊ नको, घेतलाय म्हणशील, हसशील. तू ये म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवसापासून तुझा ठिपका गेला.

"खोललास ना तो? माझ्यासाठी?"

मी म्हटलं, खोलला. आणि तू राखाडी कसा काय? तो म्हणाला, तशी सोय असते, आत असून न दिसण्याची. वर्षभर तीच लावून बसलोय. का म्हणून विचारलं तर म्हणाला, दिसलो असतो तर तू हाक मारली असतीस. मग बोलायचं काय? मी एकटीच आमच्या शेतात गेले होते तेव्हाही तो होता म्हणे, शेतात न शिरता बाहेरून नुसतं माझं नाव बघत.

मग त्याने सांगितलं की पाळी बदललेली नव्हती. सकाळी तो बॅग घेऊन बडोदा स्टेशनवर गेला होता. गाडी आली, लोक चढले, तो चढला नाही.

"बेल वाजवल्यावर दार तू उघडणार," तो म्हणाला, "आणि आतून कोण आलं म्हणून कुणी विचारणार नाही. वर्षश्राद्धाला माणसं होती म्हणून जमलं. तेवढं मला जमेना, ताई."

मला खूप काही बोलायचं होतं. की मी रोज ते दार उघडते. की रोज किल्लीने उघडते, म्हणजे बेलचाही प्रश्न नाही. ते मी बोलले असते तर तो रडला असता आणि मग मीही. मी म्हटलं, ठेवते, आणि ठेवला.

रविवार तसाच गेला. दुकान बंद, दुकानदार वाडीवर. सोमवारी पानं द्यायची होती आणि टेबलावर पानं लावणारं यंत्र दहा तुकड्यांत पडलेलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, दोघांकडेही. तक्ता संपला, प्रोसेसर ठरला, खोटं उघडं पडलं. सव्वाआठ वाजले. फोन आला नाही. साडेआठ झाले. मी दिवा लावून टेबलाशी बसले होते. आता हा फोन दिवाळीला येईल, मग भाऊबीजेला पैसे पाठवल्याचा मेसेज, मग पुढच्या दिवाळीला. मी अशी बायकामाणसं पाहिलेली आहेत, ज्यांना भाऊ असतो.

पावणेनऊला मी फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला.

मी म्हटलं, "प्रोसेसर कसा बसवायचा?"

दुकानदाराला तो बसवताना आणि काढताना मी पाहिलं होतं. मधल्या दिवसांत खोटं सांभाळण्यासाठी बसवण्याचे पंधरावीस व्हिडिओ पाहिले होते. डोळे मिटून बसवला असता. हे त्यालाही माहीत होतं, माहीत नसण्याइतका तो बावळट नाही. पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला.

"आधी हात धुऊन पूस," तो म्हणाला. "मग खोकं उघड. खालच्या पिनांना बोट लावू नको. काढलास?"

काढला, मी म्हटलं.

"बोर्डावर बाजूला एक बारीक दांडी आहे, ती उभी कर. आता प्रोसेसरच्या कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असेल. तसाच खाली बोर्डावरही आहे. दोन्ही जुळवायचे. दिसला?"

तो माझ्या बोटाशीच होता, दिव्याखाली लखलखत होता.

"नाही दिसत," मी म्हटलं.

पलीकडे तो खुर्चीत मागे रेलल्याचा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "सावकाश शोध. मी आहे."